जवळ्याचा दगड

खाडीकाठचा एक दगड मी साऱ्या गावासमोर, हात जोडून, एका मेलेल्या बाईला देऊन टाकला. दगड माझा नव्हता. तिचाही नव्हता. तो खरा कुणाचा हे शोधायला गेलं तर चार सरकारी खाती एकमेकांकडे बोट दाखवतील. पण दिला तो मीच, आणि त्या दिवसापासून मला त्यावर बसता येत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. दिलेल्या शब्दावरही माझा फारसा विश्वास नाही, असं माझी बायको म्हणते. तरी बसता येत नाही. हे कसं झालं ते सांगून टाकतो. माझा इतका देखणा पराभव पुन्हा होईल असं वाटत नाही.

आमची सोसायटी दोन टॉवरांची. मागच्या गेटमधून बाहेर पडलं की आधी जागेसाठी एकमेकांना ढुसण्या देणारे टेम्पो, मग जुन्या गावातली अंगाला अंग लावून उभी असलेली घरं, त्यांच्या फटीतून एक गल्ली, आणि गल्ली संपली की एकदम खाडी. नाटकाचा पडदा सर्रकन वर जावा तशी. जेट्टीच्या पायऱ्यांच्या बाजूला, तिवरांच्या झुडपांना लागून, एक काळा सपाट दगड आहे. डबल बेडएवढा. भरती असली की त्याच्या पायथ्याशी पाणी चुळचुळतं, ओहोटी असली की खालच्या चिखलात निवटे मासे टुणटुण उड्या मारतात. समोर पाण्यापलीकडे मुंबई. सूर्य माझ्या पाठीमागून, डोंगराकडून वर यायचा. ऊन आधी माझ्या पाठीवर पडायचं आणि मग पलीकडच्या इमारतींच्या एकेक काचेवर पेटत जायचं. थंडीत मधल्या चिखलावर फ्लेमिंगोंची गुलाबी रांग. मला रबाळ्याच्या कंपनीत दुसरी पाळी, म्हणजे सकाळ पूर्ण माझी. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मी दगडापर्यंत चालायचो आणि बाकीचा व्यायाम त्यावर बसून करायचो.

आवडती जागा म्हटलं की ती दुसऱ्याला दाखवल्याशिवाय राहवत नाही. जो पाहुणा घरी येईल त्याला मी चहाही न पाजता खाडीवर न्यायचो. दगडावर उभं करायचो, हात पसरायचो आणि म्हणायचो, ''बघा!'' साताऱ्याहून आलेल्या मेव्हण्याने बघितलं आणि रुमाल नाकाला लावला. ''वास कसला ओ हा?'' आमच्या मॅनेजरने बघितलं आणि विचारलं, ''इथे बांधकामाला परवानगी मिळत असेल का?'' बायकोने लग्नानंतर माझ्या अनेक गोष्टी सहन केल्या, पण दगडावर ती एकदाच आली. पायावर चापट्या मारत म्हणाली, ''अहो, मच्छरांनी मला उचलून पलीकडे न्यायच्या आत घरी चला.'' मला या सगळ्यांची मनापासून दया यायची. देवाने डोळे दिले, पण बघायचं दिलं नाही, असं मी स्वतःशी म्हणायचो. आणि तेही मोठ्याने.

एकच व्यक्ती अशी होती जिला तो दगड माझ्याइतकाच हवा होता. अडचण तिथेच होती.

ती गावातली एक म्हातारी. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, तोंडात मिशेरी, डोक्यावर जवळ्याची टोपली, हातात बांबूची काठी. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला घाट्या म्हणायची. बारीक कोळंबीसारखा तो जवळा तिला माझ्या दगडावर पसरून सुकवायचा असायचा. आणि मी तर त्यावर आत्ताच बसलेला असायचो.

''ऊठ रं घाट्या. ऊन जातंय.''

''मावशी, ऊन कुठे जातंय? दिवसभर आहे की.''

''तुना हाय दिवसभर. माज्या जवल्याला नाय. ऊठ!''

''पाच मिनिटं. समोरच्या काचा पेटू देत.''

''पेटल्या नाय तर काय तू काडी घेऊन जानार हाय तिकरं?''

बरं, नुसत्या दगडाचंच भांडण असतं तर मिटलंही असतं. पण अलीकडे मला कावळ्यांचा नाद लागला होता. चहाच्या टपरीवरून खारी घ्यायची, अर्धी मी खायची आणि अर्धी दगडावर कुस्करायची. एक लंगडा कावळा तर इतका सरावला होता की मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की तो जेट्टीवरच्या विजेच्या वायरीवरून ओरडायचा आणि बाकीचे दहा दिशांनी यायचे. मला राजासारखं वाटायचं. मावशीला काय वाटायचं हे तिने कधी लपवलं नाही.

''तू त्यांना जेवाला बोलावतंस, नि ते माजा जवला खातान! मी काठी घेऊन हाकलतंय, हा घाटी पाहुनचार करतंय!''

''उद्यापासून नाही घालत, मावशी.''

हे मी तिला रोज सांगायचो. तिचा नवरा जेट्टीच्या वरच्या पायरीवर बसून ही करमणूक बघायचा. पूर्वी भातशेतीवाला. शेत शहरात गेलं आणि आता चार मजल्यांचा घरमालक. पण लुंगी आणि बनियन तेच. मी त्याला काका म्हणायचो. तो मला 'ओ सोसायटी' अशी हाक मारायचा, जणू आमच्या दोन्ही टॉवरांची जबाबदारी एकट्या माझ्यावर आहे.

त्या वर्षी गावात एक काळजी पसरली होती. दहाव्याचं पिंडदान त्याच जेट्टीवर होतं. मी कामाची तयारी करायला घरी परतलो की मग लोक जमतात, त्यामुळे मी ते कधी बघितलं नव्हतं. पिंड मांडायचा आणि कावळा शिवायची वाट बघायची. कावळा शिवला म्हणजे गेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली, तो सुटला. आमच्या साताऱ्याकडेही हेच. पण इथे अलीकडे कावळे शिवतच नव्हते. येऊन वायरीवर बसायचे, बघायचे, निघून जायचे. ज्यांच्या घरी असं झालं ती माणसं खालमानेने गवताचा, म्हणजे दर्भाचा, कावळा करून शिववायची आणि नंतर महिनोन्‌महिने विचार करत बसायची की मेलेल्याचं काय राहून गेलं. टपरीवर याची चर्चा निघाली तेव्हा मी हातात खारी घेऊन, अत्यंत अधिकाराने, सगळ्यांना सांगितलं होतं, ''मोबाईलचे टॉवर! त्या लहरींनी कावळ्यांची भूकच मरते.'' लोकांनी माना हलवल्या. माझं बोलणं लोकांना पटतं, हाच माझा शाप आहे.

मग एका आठवड्यात दगड मला रोज मोकळा मिळू लागला. मी खूश. काचा पेटेपर्यंत बसलो, पेटल्यावरही बसलो. टपरीवाल्याला म्हणालो, ''मावशीने हार मानली वाटतं.'' त्याने किटली खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला पुढचं ऐकायच्याही आधी कळलं. झोपेतच गेली होती. गल्लीत मांडव होता आणि मी त्याच्या खालून रोज खाडी बघायला जात होतो. कुणाचं तरी लग्न असेल असं मला वाटलं होतं.

''दहाव्याला जा तुम्ही,'' बायको म्हणाली. ''रोज भांडायचात ना त्यांच्याशी? मग जायलाच पाहिजे. नात्यातल्या माणसाशीसुद्धा कोणी रोज भांडत नाही.''

दहाव्याच्या दिवशीही पहाटे मी आधी नेहमीसारखा दगडावर जाऊन आलो. मन भरून आलं होतं. मावशीच्या आठवणीत त्या दिवशी मी कावळ्यांना दोन खाऱ्या जास्त घातल्या. लंगड्याला तर हाताने भरवली. मग घरी आलो, आंघोळ केली, पांढरा झब्बा घातला आणि उरलेली अर्धी खारी कागदात गुंडाळून खिशात टाकली. विधीनंतर चहा असतोच, त्याच्याबरोबर होईल म्हणून. माझी बुद्धी इतकी दूरदर्शी क्वचितच असते.

जेट्टीवर गाव लोटलं होतं. मावशीच्या दोन्ही मुलांनी डोकी भादरली होती. मोठा न्हावा शेवा बंदरात कस्टमच्या कामात असतो, धाकटा घरची भाडेकरूंची व्यवस्था बघतो. नावडे गावी दिलेली मुलगी आली होती. आणि माझा दगड धुऊन स्वच्छ केला होता, त्यावर दर्भ, भाताचा पिंड, बाजूला तिच्या आवडीचा चहाचा ग्लास आणि मिशेरीची पुडी. मी पहिल्यांदाच तो दगड लांबून, उभ्याने, दुसऱ्यांच्या खांद्यांवरून बघत होतो. तो लहान दिसत होता.

गुरुजींनी मंत्र म्हटले, सगळे मागे सरकले. कावळे वायरीवर होते. आम्ही खाली, ते वर.

एकही हलला नाही.

माझ्या वडिलांच्या दहाव्याला कावळ्याने पिंड ठेवायच्या आधीच झडप घातली होती. तेव्हा माझी आत्या रुसली होती. ''म्हणजे आमच्यात काहीच जीव अडकला नव्हता का दादाचा?'' तेव्हा मला हसू आलं होतं. आता जेट्टीवर उभा राहून मी वायरीवरच्या कावळ्यांकडे बघितलं. छाती पुढे, मान आत, डोळे अर्धे मिटलेले. एकाने चोच वायरीला घासून पुसली. पंगतीतून उठलेला माणूस टॉवेलाला पुसतो तशी. त्यांची भूक कुठल्या लहरींनी मारली होती ते मला त्या क्षणी कळलं.

खाली कुटुंबाने शब्द द्यायला सुरुवात केली होती. इच्छा काय ते माहीत नसतं, म्हणून जे सुचेल ते कबूल करायचं.

''बाय, गच्चीवरच्या टाकीचा पानी मी धाकल्याला सोरतो,'' मोठा म्हणाला.

''मी भाऊशी बोलाला लागतो,'' धाकटा म्हणाला. वर्षभर दोघांचं बोलणं नव्हतं हे गावाला माहीत होतं. ते आता उघड्यावर, भादरलेल्या डोक्यांनी, एकमेकांकडे न बघता बोलत होते.

वायरीवर काही नाही.

''बाय, मी दर सनाला येन,'' मुलगी रडत म्हणाली.

''सासूबाय, जवला मी सुकवीन. टाकनार नाय तुमचा काम,'' मोठी सून म्हणाली.

लंगड्याने पिसं साफ केली.

मी काय करणार होतो? ओरडून सांगू, की थांबा, मी त्यांना खारी घातली आहे? म्हणजे ज्या घरांनी आधी गवताचा कावळा केला होता त्यांनाही सांगायचं की तुमच्या बापाचं काही राहिलं नव्हतं, एका सोसायटीवाल्याचं पोट मात्र भरलं होतं? आणि नाही सांगितलं, तर ही माणसं कबूल करत राहणार, आणि कावळे ढेकर देत राहणार. मी दोन्ही हात झब्ब्याच्या खिशात घातले. दुसरं काही सुचलं नाही.

गुरुजींनी मोबाईल बघितला. त्यांना पुढे आणखी एक काम होतं. ''काका, खूप वेळ झाला. दर्भाचा करू या का?''

काका इतका वेळ वरच्या पायरीवर बसले होते, नेहमीच्याच जागी. ते उठले.

''गवताचा कावला नको,'' ते म्हणाले. ''ती काय गवताची व्हती?''

ते पायऱ्या उतरले, पिंडासमोर उभे राहिले. त्यांनी हात जोडले नाहीत. घरात बोलावं तसं ते बोलू लागले.

''काय राह्यला गो तुजा? सांग ना. जीवभर सांगत व्हतीस. भात कमी झाला सांगाची, मीठ जास्ती झाला सांगाची, माज्या घोरन्याचा सांगाची. आता नेमकी गप बसलीस. मना कलत नाय गो. मना आधीपन कलत नव्हता, तू सांगाचीस म्हनून कलाचा.''

आणि त्यांचा आवाज मोडला. त्या माणसाला मी इतकी वर्षं फक्त हसताना बघितलं होतं. ते लुंगीचा सोगा तोंडाला लावून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलू लागले. मुलं पुढे झाली, त्यांनी हाताने मागे सारली. उत्तर मिळाल्याशिवाय ते हलणार नव्हते. आणि उत्तर द्यायचं ते माझ्या खारीने टम्म फुगून वायरीवर बसलं होतं.

इतक्यात लंगड्याने मला बघितलं.

मी मान खाली घातली. उपयोग झाला नाही. त्याने ती आपली ठेवणीतली हाक दिली आणि उतरला. पिंडावर नाही. गर्दीच्या कडेला, माझ्या चपलांसमोर. मागोमाग दुसरा. तिसरा. बघता बघता माझ्याभोवती कावळ्यांचं रिंगण झालं, सगळे माना वाकड्या करून माझ्याकडे बघताहेत. मी हळूच पाय आपटला. ते एक उडी मागे गेले आणि दोन उड्या पुढे आले.

गाव वळलं.

''ह्याच्याकरं का जातान?'' एक म्हातारी कुजबुजली. ती कुजबूज पलीकडे मुंबईत ऐकू गेली असेल.

''कोन हाय ह्यो?''

''सोसायटीतला. बायशी भांडाचा ना रोज, दगरावरून.''

''दगर!'' कुणीतरी म्हणालं, आणि तो शब्द पायऱ्यांवरून खाली आला, माणसामाणसांतून, अगदी काकांपर्यंत. काकांनी डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं, माझ्या पायाशी बसलेल्या कावळ्यांकडे बघितलं, मग पिंडाखालच्या दगडाकडे बघितलं.

''ओ सोसायटी,'' ते म्हणाले. ''इकरं या.''

मी गेलो. गर्दीने वाट दिली. कावळेही माझ्यामागून उड्या मारत आले, त्यामुळे तर उरलेसुरले संशयही फिटले.

''तिचा जीव दगरात हाय. तुमी शब्द द्या.''

कंपनीच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकात मी दरवर्षी राजा होतो. संवाद विसरलो तरी स्वतःचे घुसवून टाळ्या घेतो. त्या दिवशी शेकडो डोळे माझ्यावर होते, समोर सगळ्या खाडीचा देखावा, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी जे आलं ते असं: ''मावशी, दगड तुमचा. मी नाही बसणार त्यावर.'' मग कुणी काही न विचारता पुढचंही निघालं. ''खरंच नाही बसणार. उद्यापासून नाही, आजपासून.''

सगळ्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. कावळे माझ्या चपलांशीच.

मी नमस्काराला वाकलो. कपाळ दगडाला टेकवलं. आणि तेवढ्या आडोशाने खिशातली खारी मुठीत चुरून, भाताच्या पिंडावर, तांदळाच्या अक्षता वाहाव्यात तशी वाहिली. यात पाप किती आणि पुण्य किती याचा हिशोब मी अजून लावलेला नाही. एवढंच आठवतं की दगड कपाळाला ऊबदार लागत होता.

मी मागे सरकलो. लंगडा एका उडीत दगडावर चढला, पिंडाभोवती फिरला आणि चोच मारली.

''शिवला! शिवला!'' सारं गाव एकदम ओरडलं. मुलगी आईला हाका मारत रडू लागली. दोघे भाऊ, काय करावं ते न सुचून, एकमेकांचे हात धरून उभे राहिले. गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. काका खालच्याच पायरीवर मट्‌कन बसले आणि लहान मुलासारखे मोकळेपणाने रडले. आणि मला, अहो काय सांगू, मलाही रडू आलं. घरी गेल्यावर मी बायकोला सांगितलं ते इतकंच, की कावळा शिवला. ती म्हणाली, ''बरं झालं हो.''

नंतरच्या दिवसांत मी रोज सकाळी निघायचो आणि गल्लीच्या तोंडाशी थांबायचो. तिथून खाडीची एक फीत दिसते, बोटभर. पुढे जायचं तर दगड समोर. बसायचं नाही म्हणजे त्याच्या बाजूला उभं राहायचं, आणि उभं राहून खाडी बघणं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता येणं. पार्कात जाऊन बघितलं. तिथे हास्यक्लबाने मला ओढलं. सेक्टरच्या तलावावर गेलो. तिथे फरशा, कारंजं आणि 'बसू नये' अशी पाटी. टपरीवर खारी घेणंही सोडलं. लंगडा वायरीवरून मला हाका मारायचा आणि मी पाठ करून चहा प्यायचो.

एका सकाळी काकांनी गल्लीतच गाठलं.

''ओ सोसायटी, हितं का उभं ऱ्हाताव चोरावानी? या माज्या संगती.''

मला राहवलं नाही. चालता चालता मी सांगून टाकलं. ''काका, त्या दिवशी कावळे पिंडाला का शिवत नव्हते ते मला माहीत आहे. पहाटे मी त्यांना...''

''खारी घातलीव. मना ठावं हाय.''

मी थांबलो. ते थांबले नाहीत, म्हणून पुन्हा चालू लागलो.

''आनि वाकून पिंडावर चुरलीव तीपन पायली. मी समोरच व्हतो ना. बटरचा वास सुटला व्हता.''

''मग तुम्ही बोलला का नाहीत?''

''कशाला बोलू? रोज रातच्याला मना सांगाची, त्या घाट्याला एकदाचा उठव तिथून. मी बोलाचो, जाव दे गो, बसतंय बिचारा. तेवरा एकच काम तिनं मना सांगलेला नि मी केला नव्हता.'' ते जरा चालले. ''त्या दिवशी झाला.''

''आणि तुम्ही रडलात ते?''

''ते कशाला खोटा असंल?'' काका चिडून म्हणाले.

त्यांच्या घरामागे, खाडीच्या बाजूला, एक मोठं सारवलेलं अंगण आहे. मी इतकी वर्षं त्याच्या कडेने गेलो, आत कधी वळून बघितलं नव्हतं. तिथे एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली. तोंड खाडीकडे नाही, उलट्या दिशेला.

''बसा.''

''इथून खाडी नाही दिसत, काका.''

''ती पान्याची खारी तुमी पायलीव पोटभर. आता ह्यो बगा. आमी रोज ह्यो बगताव.''

मी बसलो. समोर आमची सोसायटी. दोन टॉवर, आभाळ निम्मं गिळून उभे. मी ते घेताना माहितीपत्रकात बघितले होते, कर्ज फेडताना बघितले होते, पण असे खालून, पाठीकडून, कधी नाही. पाईप, एसीचे डबे, वाळत घातलेले कपडे. शोधत गेलो तर आमची खिडकीही सापडली, माझाच कंपनीचा निळा शर्ट लटकत होता. सूर्य त्या टॉवरांच्या मागे कुठेतरी वर आला होता. अंगण मात्र सावलीत होतं, सगळं, कडेपर्यंत. थंडीचे दिवस. मी हात काखेत घातले.

''हा सगला अंगन जवल्याचा व्हता,'' काका म्हणाले. ''टावर झाला तवापासून हितं ऊन जेवाच्या टायमाला येतं. तवर जवल्याला वास सुटतो.''

दोन टॉवरांच्या मध्ये एक फट होती. तिच्यातून उन्हाची एक पट्टी निघून, अंगण ओलांडून, जेट्टीच्या बाजूने जाऊन नेमकी त्या काळ्या दगडावर पडली होती. साऱ्या काठावर तेवढंच ऊन. आणि ते हलत होतं. दगडाच्या एका कडेवरून सरकत दुसऱ्या कडेला चाललं होतं, डोळ्यांदेखत. त्याच उन्हात मी वर्षानुवर्षं पाठ शेकत बसलो होतो, आणि समोरच्या काचा पेटायची वाट बघत होतो.

''काका, आधी का नाही दाखवलंत?''

''तुमी मागं वलून कवा बगलंव?''

मोठी सून टोपली घेऊन आली. सासूसारखीच साडी खोचून, भराभरा, ऊन निसटायच्या आत, तिने दगडावर जवळा पसरला. गुलाबी, ओला, चमकणारा. पसरून होते न होते तोच वायरीवर काव काव सुरू झाली. तिने कोपऱ्यातली बांबूची काठी उचलली आणि सरळ माझ्या हातात दिली.

''सोसायटीकाका, मना पोरांचे डबे भरायचे हायत. तुमी जरा कावले हाकला. तुमच्याच ओलकीचे हायत ते.''

''मी?''

''मंग कोन?'' आणि ती गेली.

मी खुर्ची उचलून अंगणाच्या कडेला, सावलीतच, पण दगड दिसेल अशी मांडली. लंगडा पहिला उतरला. जवळ्यापासून हातभर अंतरावर बसला, मान वाकडी केली आणि माझ्याकडे बघितलं. इतके दिवस कुठे होता राव, असं.

''ओ सोसायटीकाका, हाकला की!'' सून आतून ओरडली.

मी उठलो आणि काठी उंच धरली. लंगडा जागचा हलला नाही. उलट आनंदाने एक उडी माझ्या जवळ आला. त्याला वाटलं, हातात खारी आहे.